पोटातलं वजन

हेड आमच्या टेबलावर येतं तेव्हा त्याचं सगळं उरकलेलं असतं.
ओतून झालेलं, तासून झालेलं,
चेहऱ्याचा पत्रा वेल्ड करून बसवलेला,
पॉलिशवाल्यांनी घासघासून काळा आरसा केलेला.
फक्त हलकं असतं.
मुद्दामच हलकं ठेवतात. कमी पडलं तर घालता येतं,
जास्त झालं तर काढणार कुठून?

एकशे पंच्याण्णव पूर्णांक दोन.
एकशे शहाण्णव पूर्णांक सात.
हवेत दोनशे. रतीभर इकडे नाही, तिकडे नाही.
मधलं जे राहिलं ते भरायला आम्ही,
टेबल क्रमांक सहा,
काओशुंगच्या बाहेर, नदीकडच्या शेडमध्ये,
जिथे भिंतीपलीकडे अननस पिकतो
आणि अलीकडे, दुपारी पत्रा तापला की,
गरम डिंकाच्या वासाने भूक मरते.

टाचेपाशी भोक असतं, मुगाच्या दाण्याएवढं.
त्यातून नळी आत.
घोडा दाबायचा, मनात चार मोजायचे, सोडायचा.
मग हेड तळव्यावर घेऊन कलतं करायचं,
ढेकर काढायला लेकरू धरतात तसं,
म्हणजे डिंक ओघळत जातो
आपण सांगू तिथे.
टाचेकडे गेला तर चेंडू डावीकडे वळतो म्हणे.
मागे, तळाशी गेला तर उंच जातो म्हणे.
म्हणे, कारण सव्वीस वर्षांत
मी एकही चेंडू जाताना पाहिला नाही.

दिएपला मी शिकवलं.
व्हिन लाँगची पोर, तीन वर्षांचा करार,
दलालाचं देणं फिटेस्तोवर पहिलं वर्ष गेलं.
पहिल्याच दिवशी हेड कानाशी धरून हलवलं तिने.
"काकू, आत कुणीतरी आहे."
वेल्डिंगमध्ये उडालेला कण होता तो. खुळखुळत होता.
मी म्हटलं, डिंक त्यालाही धरतो.
वजन आणि मुकाट्याने बसणं
एकाच नळीतून जातं.
ती हसली नाही. भरलं, निवू दिलं, पुन्हा हलवलं.
आतलं माणूस गप्प झालं होतं.

तिचा हात माझ्याहून सरस निघाला.
काटा बघायच्या आधी आकडा सांगायची.
एकदाच चुकली. घरून फोन आला त्या दिवशी
ओळीने अकरा हेडं जड झाली.
मी काही विचारलं नाही.
मापात पाप नको म्हणून अकराही भंगारात टाकली,
आणि रजिस्टरात माझं नाव लिहिलं.

करार संपला. जाताना तिने मला
पपनसाच्या सालीचा मुरंबा दिला, जुन्या कॉफीच्या बरणीत.
बरणी अजून आहे. त्यात स्क्रू ठेवते.

काल एक हेड परत आलं.
ओरेगॉनच्या कुणा हॅल्वर्सनचं म्हणणं, आत काहीतरी वाजतं.
साहेबांनी करवतीवर धरून दोन तुकडे केले.
सुटं काहीच नव्हतं.
टाचेकडे डिंक, थिजलेल्या मधाच्या रंगाचा,
आणि त्यात
एक लांब काळा केस.

इथे सगळ्यांच्या डोक्याला टोपी असते.
"कुणाचा?" साहेबांनी विचारलं.
अनुक्रमांक मी आधीच वाचला होता.
तिच्या शेवटच्या आठवड्यातला.
माझे केस आखूड, पांढरे; मी म्हटलं,
"ब्रशचा असेल."
ते बघत राहिले. मग चहाला गेले.

सुट्टीची घंटा झाल्यावर तो अर्धा तुकडा काट्यावर ठेवला.
आकडा बघितला.
चिमट्याने केस ओढला. डिंकाने सोडला नाही,
मधेच तुटला,
निम्मा माझ्याकडे, निम्मा आत.
पुन्हा आकडा बघितला.
तोच.
दशांशाच्या दोन घरांपर्यंत तोच.

नवी मुलगी हात पुसत मागे उभी होती.
"किती कमी झालं, काकू?"
मी काटा बंद केला.
उद्या सकाळी तिला नळी धरायला द्यायची आहे.