दुधावर ध्यान

टेंभुर्णे बाईंनी बत्तीस वर्षं
टेलिफोन एक्स्चेंजात दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली.
रायपूर, गोंदिया, बैतूल.
मधे एकही शब्द आपला नाही.
निवृत्त झाल्या, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी
पोरासोरांच्या बाकावर बसून पाली शिकल्या.

आता वैशाली नगरातल्या मागच्या खोलीत
ट्रंक कॉलच्या जुन्या रजिस्टरांच्या
कोऱ्या पाठींवर
त्या एक शब्दकोश लिहीत आहेत,
पालीतून थेट आमच्या बोलीत.
डावीकडे गाथेतला शब्द, उजवीकडे बाजारातला.
'दुक्ख'समोर तीन पानं खोडलेली.
शेवटी एवढंच:
सायकलचं चाक मडगार्डले घासते, तसं.

मी रविवारी जातो,
बुटीबोरीची रात्रपाळी संपवून, डोळ्यांत वाळू घेऊन.
आधी बसवतात. वीस मिनिटं.
मे महिना, सत्तेचाळीस अंश,
आणि कूलर बंद.
"त्याचा आवाज आयकशील का तुहा?"
घाम कानामागून निघतो, मानेवर थांबतो,
विचार करून पुढं सरकतो.
तिसऱ्या श्वासाला मला झोप लागते.
त्या उठवत नाहीत.
जाग येते ती चहाच्या कपाच्या आवाजानं.

मागल्या महिन्यात पुण्याहून एक विद्वान आले होते.
नम्र माणूस. चपला ओळीत काढल्या.
विचारलं, तुमची परंपरा कोणती?
सिंहली, बर्मी, तिबेटी?
गुरू कोण?
बाईंनी पदरानं चष्मा पुसला.
"माही माय," म्हणाल्या.
"मिलमध्ये होती, बॉबिन खात्यात.
छप्पन साली मले कडेवर घेऊन गेली,
पांढरं लुगडं नेसून. उधारीचं.
आठ-आठ घंटे सुताकडं पाहत उभी राहे.
सांगे, धागा तुटला तं बोंबलू नोको.
दोन टोकं शोध, गाठ मार, पुढचा पाय.
दिवसातून हजार डाव तुटते.
मी अजून तेवढंच करून राहिली."
विद्वानांनी काय लिहून घेतलं, ठाऊक नाही.
पेन बराच वेळ कागदाच्या वर होतं.

आज गाडी अडली आहे 'सति'वर.
स्मृती?
"त्या शब्दासंगं आपलं जुनं भांडण हाय."
जागरूकता?
"पोलीस चौकीच्या पाटीवर असते ते."
भान?
"जवळ आला. पण लोकाईचं भान हरपते
आन् वरून त्याचं कवतिक होते."

पंखा फिरत होता. बाहेर भंगारवाला ओरडून गेला.
मग एकदम बोट वर केलं, ऑपरेटरसारखं,
पलीकडचा आवाज सापडल्यावर करावं तसं.

"लहानपणी माय काय म्हणे?
दुधावर ध्यान ठेवजो.
आता पाय, ह्या ध्यानात डोये मिटाचे नाही.
हात लावाचा नाही,
जाळ वाढवाचा नाही,
आन् बाहेर पोट्टे गोट्या खेयत असले
तरी जागा सोडाची नाही.
साय हालते, थेही पाहाची.
लिही तू. सति. दोन टिंबं.
दुधावर..."

स्वयंपाकघरातून जळका वास आला.

दोघंही धावलो.
ओट्यावर, ओट्याखाली, पार सिलिंडरपर्यंत
पांढरं, आणि कडेनं तपकिरी.
बाई हसल्या.
एवढ्या वर्षांत प्रथमच
त्यांच्या दाढेची फट मला दिसली.

मी गॅस बंद केला. त्यांनी फडकं भिजवलं.
आधी ओटा. मग फरशी, एकेक.
मग बर्नर निववून, उलटा करून,
त्याचं एकेक भोक टाचणीनं.
घाई नाही, चिडचिड नाही,
माझ्याकडं पाहणंही नाही.
पाऊण तास.

मी रजिस्टर छातीशी धरून दारात उभा.
शेवटी न राहवून विचारलं,
बाई, पुढं काय लिहू?

"थांब बे," म्हणाल्या,
"हे होऊ दे पहिले."