उणे ऐंशी

भर ऑगस्टात, जुम्म्याच्या दुपारी,
उम्म अल कुवैनमध्ये फ्रीझरचा कंप्रेसर बसला.
उणे ऐंशी, उणे एकाहत्तर, उणे चौसष्ट,
आकडे चढत गेले, ताप चढतो तसे.

आत तोरसकर बाईंचा दक्षिण ध्रुव.
पाच मोसमांतल्या करंगळीएवढ्या कोळंब्या,
बाटलीबाटलीवर शिसपेन्सिलीने तारीख
(शाई थिजते तिकडे, बाईंनीच सांगितलं)
आणि तळच्या खणात, घडी घातलेलं, एक पत्र:
जहाजावर स्त्रियांसाठी वेगळे शौचालय नाही,
सबब आपला अर्ज विचारात घेता येत नाही.

चौथ्या वर्षी त्या गेल्याच.
कशा, ते सांगत नाहीत.
जहाज किती डुलायचं, तेवढंच सांगतात.

मी पिकअप काढली, थेट मासळीबाजार.
मुराद बर्फवाला हमूर झाकत होता.
"कुठला मासा?"
"लांबचा."
अकरा लाद्या चढवल्या त्याने, पैसे मागाहून म्हणाला.

शून्याचा बर्फ. ऐंशीचं काम तो कसा करणार?
बाईंनी ओढणी कमरेला खोचली,
मोठ्या पान्याने लाद्या फोडल्या, बाटल्या पुरल्या,
वय वर्षं एकाहत्तर.
म्हणाल्या, निम्मं गेलं.
मग थोड्या वेळाने: निम्मं नाही गेलं.

पत्र मात्र भिजलं.
ते त्यांनी बॉनेटवर पसरलं,
कोपऱ्यांवर शिंपले ठेवले.
मिनिटभरात पापडासारखं कडक.
चष्मा कपाळावर सारून
सबंध वाचलं त्यांनी, उन्हातच उभं राहून.

"बघ रे," म्हणाल्या,
"सही अजून ठळक आहे."