तीस सप्टेंबरचा पट

गारगोटीची एसटी खाली वळणावर सोडते.
वर धनगरवाडा, पाऊण तास.
चढणीला लागलो की खिशात फोन मरतो
आणि मी प्रभारी मुख्याध्यापक होतो.

शाळेत खुर्च्या दोन. मंजूर पदं दोन.
एकीवर मी.
दुसरीवर हिवाळाभर बमाबाई झोरे
हिरडा वाळत घालते.
"कोण येतंय त्या खुर्चीवर, गुर्जी?
रिकामी हाय तवर माल वाळू दे की."

रजा हवी असली तर अर्ज मी लिहितो,
मंजूरही मीच करतो.
फक्त शाळा कुणाच्या हवाली केली
हा रकाना भरता येत नाही,
म्हणून रजा राहते.

पट चार.
नावं लांबलचक, जणू नावांनीच बाकं भरतील:
स्वरांजली नवलू लांबोर, चौथी.
आदिराज आणि युवराज कोंडिबा येडगे, तिसरी, जुळे,
एकाला हाक मारली की दोघं उठतात.
साऊ बयाजी झोरे, दुसरी.
हिचं नाव आजीनं ठेवलं, म्हणून आखूड.
पहिलीच्या रकान्यात मी शून्य काढतो,
गोल, नीट, फळ्यावर शिकवतो तसं.

परवा कुंपणाशी गवा आला,
खिडकीतून आत बघत उभा राहिला.
केंद्रप्रमुख मोरबाळे नेमके त्याच दिवशी
धापा टाकत चढून आलेले.
"हा धरला तर पाच होतात की," म्हणाले.
मग पिशवीतून कागद काढला:
कमी पट, शेजारच्या शाळेत समायोजन,
मुलांना गाडीभाडं.
गाडी कुठपर्यंत येणार, ते कागदात नव्हतं.
मधला ओढा नकाशात होता. निळी रेघ.

माझी बदली झालेली आहे. दोन वर्षं झाली.
"पर्यायी शिक्षक हजर झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये."
तो आला होता म्हणे एकदा.
वळणावर उतरला, वर बघितलं,
आणि त्याच एसटीनं परत.
मी त्याला नावं ठेवत नाही.
पहिल्या दिवशी मीही वर बघितलं होतं,
एसटी निघून गेली होती एवढंच.

जूनमध्ये घरोघर पोरं मागत फिरलो.
घरं अकरा. चार कुलपात,
माणसं इचलकरंजीला मागावर.
एकीनं कडेवरचं पुढं केलं, "घाला ह्याचं नाव."
वय किती?
"चालाय लागलाय."
बमाबाईनं चहा दिला आणि सहज विचारलं,
"तुमची पोरगी कुठल्या शाळंत, गुर्जी?"
कोल्हापुरात, फुलेवाडीला, म्हणालो.
इंग्रजी, हे तोंडातच राहिलं.
"लई पोरं असतील न्हवं तिथं?"
एका वर्गात पंचावन्न.
"मग एक कमी झालं तर कळायचं बी न्हाई."
ती हसली नाही.
चहाला दूध शेळीचं होतं.

काल रात्री पट भरताना
पहिलीतलं शून्य खोडलं आणि पेन्सिलीनं
शर्वाणी, असं लिहिलं.
अक्षर चांगलं आलं.
बॅटरी घेऊन खडकापर्यंत गेलो,
तिथं एक कांडी रेंज असते.
बायको म्हणाली, कधी येताय?
सहामाहीची फी भरायची आहे तिची.
बरं, म्हणालो.

परत येऊन नाव खोडलं.
खोडरबर युवराजचं, नाहीतर आदिराजचं.
शून्य पुन्हा काढलं,
पण कागद तिथं झिजलाय, शाई पसरते.
आतमध्ये काहीतरी आहे असं वाटतं.

आज तीस. पट चार, समोर तीन.
साऊ शेरडांमागं गेली आहे,
अकरापर्यंत येईल.
तिची हजेरी मी लावून टाकलीय.
घंटा अजून दिली नाही.