दोन क्रियापदं

मिस ज्युनेल दर मंगळवारी चित्रांचे पत्ते घेऊन येते.
कंगवा दाखवते. आई म्हणते, हरदी.
खुर्ची. हरदी.
होडीपाशी आई जरा थांबते,
उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याने विचार करते,
आणि मग: हरदी.

हरदी म्हणजे काय? ज्युनेल मला विचारते, पेन उघडून.
मी सांगायला लागते.
पिवळी पूड. डाळीत पडते.
गुडघा फुटला की खोबरेलात कालवून लावायची,
खोकल्याला दुधातून,
लग्नाच्या आधी नवरीच्या दंडांना,
आणि एकदा तर आमच्या कुत्र्याच्या कानालासुद्धा...
ज्युनेल वहीत एवढंच लिहिते: मसाल्याचं नाव.

आईच्या आजीची आजी बोटीतून उतरली
ती थेट त्रिनिदादच्या उसात.
वाटेतच वाक्यांना बुरशी धरली होती.
पोरांनी इंग्रजी उचलली, छडीखाली, रांगेने.
कोरडी राहिली ती डब्यातली नामं तेवढी:
जीरा, मेथी, लौंग, मंगरैल.
क्रियापदं दोनच.
भुंजे. छुंके.
दोन्हींना विस्तव लागतो.

जीरा पोटफुगीला, लौंग दाढेत धरायला,
मेथी रात्री भिजत घालून सकाळी, डायबेटिसला;
आणि रक्तदाबाला कच्चा लसूण, अनशापोटी, बावीस वर्षं.
एक दिवस चुकवला नाही तिने.
हे मी सॅन फर्नांडोच्या डॉक्टरला सांगितलं.
तो हसला नाही. चांगला माणूस होता.

रविवारी मी डाळ घोटली.
कलछुलीत तेल, तेलात लसूण, वर चिमूटभर जीरा.
लसूण सोनेरी झाला तशी मी कलछुल उचलली,
टीव्हीवर दाखवतात ना, तसा सोनेरी,
आणि मागच्या व्हरांड्यातल्या झोळीतून,
न बघता, नुसत्या वासावर,
एकेचाळीस दिवसांनी,
आमच्या गावच्या लंगड्या इंग्रजीत:
"मारलीन, कुठे गाडी चुकतेय तुझी?
काळा होऊ दे त्याला."

मी होऊ दिला.
डाळीत ओतला तेव्हा चर्र झालं ते अंगणापर्यंत,
कुंपणापलीकडे बूडरम काका खोकत सुटले.
विशामला फोनवर मी सांगितलं, रडले ती धुराने.

मंगळवारी ज्युनेल दारात चप्पल काढते तोच मी सुरू:
अख्खं वाक्य, मिस, दोन वाक्यं, माझं नावसुद्धा!
तिने मान डोलावली, खुर्ची पुढे ओढली,
पत्ता काढला.
कंगवा.

आई कंगव्याकडे बघत राहिली,
मग ज्युनेलकडे, मग माझ्याकडे,
थोडीशी वैतागून,
वर्गातल्या दोन मठ्ठ मुलींना
पुन्हा एकदा सांगावं तसं:
हरदी.