कॅप सोमवारी

डॉक्टर झोपेंचा दवाखाना बी-बियाण्यांच्या दुकानावर.
जिन्यातच औषधाचा वास सुरू होतो,
त्यातला खालचा किती, वरचा किती, सांगता येत नाही.
तीन खेपांत त्यांनी नस काढली.
सुईच्या टोकावर धरून दाखवली मला,
भिजलेल्या दोऱ्याएवढी.
"संपलं. या दाढेला आता काही कळणार नाही."

हे मंगळवारी.
बुधवारी पावणेसहाची चोपडा–यावल.
अडावद म्हणाले तेव्हा ठीक होतं.
धानोऱ्याचा ध थेट दाढेवर आपटला.
किनगाव मी म्हटलंच नाही, बोट दाखवलं.
पहिल्या सीटवरची म्हातारी म्हणाली,
"काय वं बाई, राग उना का?"

रात्री गल्लीभर कूलर घरघरतात.
गाल उशीला टेकला की ठोके.
जीभ पुन्हापुन्हा जाऊन बघते
सिमेंटचा तो खरबरीत गोळा.
आत कोणी नाही.
मग कळ कुणाची येते?

फोन केला. झोपे झोपेत होते.
म्हणाले, दात नाही दुखत, त्याच्याभोवतीचं दुखतं.
चार-सहा दिवस चालायचंच.
त्या बाजूने कळण्याची भाकरी नको.

साकळीच्या अलीकडे रस्ता रुंद केला
तेव्हा निंब काढला. मुळासकट.
आमचीच गाडी थांबवून ठेवली होती,
पाऊण तास, बायका पदराने वारा घेत बघत होत्या.
आता तिथे डांबर आणि पांढरा पट्टा.
थांबा नाही, पाटी नाही.
तरी रोज कुणीतरी सुटे पैसे पुढे करतं:
"निंबावर एक."
मशीनला निंब माहीत नाही.
मी साकळीचं तिकीट काढते
आणि घंटी निंबावर मारते.

दगाआप्पा स्टिअरिंगवर.
पंधरा वर्षांत माझ्याशी पंधरा वाक्यं बोलले असतील.
माझ्या दाढेचंही विचारलं नाही.
पण गुरुवारपासून गतिरोधकावरून गाडी अशी उतरवतात,
जसं काही मागे अंड्यांचे ट्रे रचलेत.

आज निंबावर उतरणारं कुणीच नव्हतं.
मी घंटीची दोरी धरली नव्हती.
तरी गाडी जरा हळू झाली,
त्यांनी आरशात बघितलं, मी मान हलवली,
गाडी पुढे निघाली.

कॅप सोमवारी. साडेतीन हजार, दोन हप्त्यांत.
तोवर भात, आणि तोही उजवीकडून.