पेव

हरिपूरच्या रस्त्याला, चिंचांच्या पलीकडे,
जमीन पोकळ आहे.
वरून गाडी गेली की खालून कुणीतरी
उशिरा हुंकार दिल्यासारखा आवाज येतो.
लहानपणी आम्ही तिथं पाय हळू टाकायचो.
खाली हळद असते, आप्पा म्हणायचे.
खाली तो असतो, आम्ही म्हणायचो.

मातीच्या पोटात खोल उतरलेली पेवं,
तोंड एवढंसं,
माणूस खांदे दुमडून जाईल इतकंच.
झाकण निघालं की कोंडलेली हवा आधी बाहेर यायची,
मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायचे.
विझला, तर थांबायचं.
नाही विझला, तर त्याला सोडायचे.
एकदा कंदिलात रॉकेल नव्हतं.
त्या दिवशी आधी त्यालाच सोडलं.

अथणीकडचा, म्हणे. कुणी म्हणे, त्याच्याही पलीकडचा.
मराठी बोलायचा ती उसनी आणल्यासारखी,
वापरून लगेच परत करायची असल्यासारखी.
अंगावर कोड. ओठांपासून गळ्यापर्यंत,
मग हातांवर, पांढरी बेटं.
हॉटेलात त्याचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला.
न्हावी म्हणायचा, वस्तरा धारेला दिलाय.
सात वर्षं वस्तरा धारेलाच होता.

दिवस मावळता तो वर यायचा
तेव्हा मात्र नखशिखांत पिवळा,
पापण्यांच्या केसांसकट एका रंगाचा.
डाग नाही, जोड नाही.
वखारीच्या खिडकीतून मी पाहायचे,
तो तसाच बसून राहायचा कट्ट्यावर
नदीवर जायला उशीर लावत.
संगमावर अंग धुतलं
की एकेक बेट पुन्हा वर.

अफवांना पेव फुटलं, असं आपण सहज म्हणतो.
मी ते फुटताना ऐकलंय.
शिरगुप्प्यांची म्हैस आटली.
कंपाउंडरच्या पोराला तो रात्री चिंचेखाली दिसला,
पिवळा, डोळे नसलेला.
आतल्या हवेनं धडधाकट माणूस मरतो,
हा कसा मरत नाही?
म्हणजे हा आधीच...
वाक्य पुरं करायची कुणाला गरज नव्हती.

रोजमेळ मी लिहायचे.
बाकीच्यांची नावं, त्याच्यापुढे 'पेववाला'.
मजुरी टेबलाच्या कडेला ठेवायची, हातात द्यायची नाही,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
एकदा एक नाणं घरंगळत खाली गेलं.
दोघंही वाकलो.
मी आधी सरळ झाले.

माझ्या लग्नाची हळद त्यानंच वर काढली.
आईनं निवडली, कुटली, वस्त्रगाळ केली.
पाच सवाशिणींनी गालांना लावली.
मांडवाबाहेर, जनरेटरच्या मागं, तो उभा,
नवा सदरा, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत बंद.
पत्रावळ तिकडंच पोचती झाली.
त्या दिवशी मी पिवळी होते
आणि तो धुतलेला.
त्यानं काहीतरी म्हटलं. ओठ हलले.
जनरेटर चालू होता.
मावशी म्हणाली, आत चल गं, कुणाची नजर लागेल.
मी आत गेले.

मग पूर आला, पाणी पेवांत उतरलं.
माहेरी आले तेव्हा गाळ होता दारात,
आणि कुजल्या हळदीचा वास उशांनासुद्धा.
तो कुठाय, मी विचारलं.
कोण तो?
ज्याला त्याला वाटत होतं
त्याला दुसऱ्या कुणीतरी पाहिलंय.

तलाठी बेपत्तांची यादी करत होता.
मी माळ्यावरचे रोजमेळ काढले,
ओली पानं नखानं सोडवत बसले,
पहिल्या वर्षापासून.
अक्षर सगळं माझंच.

पेववाला, मी सांगितलं.
त्यानं लिहून घेतलं.
मग पेन तसंच धरून म्हणाला,
आडनाव?