आदण

कोल्हापुरातून केएमटीनं वडणग्याला, आम्ही चौघं.
पाक उतरवायचा कधी,
पिराजी गुळव्याला कळतं कसं?

मेंदूवाल्या बाईंची तारांची टोपी
चुलवाणाजवळ घामानं निसटली.
संगणकवाला बुडबुडे मोजत,
चुकला की पुन्हा एकपासून.
मी भाषेचा. वहीत उतरवलं:
‘पाक बोलाय लागला’,
आणि क्रियापदाखाली रेघ मारली.
तत्त्वज्ञानाचे सर
मळी काढणाऱ्या पोराला विचारत होते
कळणं म्हणजे काय.
‘मला कुठं कळतंय अजून,
म्हणून तर मळी काढतोय.’

‘उतरा!’
पिराजी पाठमोरा होता. तंबाखू मळत.

काय ऐकलंत, आण्णा?
‘तुमचाच कालवा हुता की.
ऐकू काय येतंय त्यात?’

वहीची ती दोन पानं चिकटली आहेत.
मुंग्यांना बरोबर सापडली.